बिनसावल्याची बोळवण

जळगाव
२ मे २०२३

श्री. कुंदन तोताराम बोरसे, धुळे, यांस
नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड आलं म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. कार्ड माझ्या भावाच्या, रुपचंदच्या, नावे होतं. त्यावर एवढंच होतं: "भो, आखाजी झाली. आता माझ्या माणसाला परत पाठव. मला यायला जमत नाही."

रुपचंद फेब्रुवारीत वारला. आजार म्हणावा असा काही नव्हता. वाळत गेला आणि गेला. नातेवाइकांना कळवलं होतं. मित्र कोण आहेत हे त्याने मला कधी सांगितलं नाही, त्यामुळे तुम्हाला कळलं नसावं. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, त्याच्या नावाची घागर भरली.

आता तुमच्या माणसाबद्दल. रुपचंद दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हाताखाली त्याने कधी कोणाला ठेवलं नाही. या घरात आम्ही दोघं भावंडंच होतो आणि आता मी एकटी आहे. तुमचा कोणताही माणूस इथे कामाला, राहायला किंवा जेवायला नव्हता. असेल असं तुमचं म्हणणं असेल तर त्याचं नाव आणि वय कळवा, मी पोलिसांत चौकशी करीन. जूनच्या अखेरीस घर भाड्याने देऊन मी जामनेरला चुलतबहिणीकडे राहायला जाणार आहे. तेव्हा उत्तराला उशीर करू नका.

ललिता भंगाळे
(निवृत्त शिक्षिका, भूगोल)


धुळे
८ मे २०२३

ललिताअक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि हातातलं सगळं खाली ठेवलं. माझा दोस्त गेला, आणि मी त्याला माणूस मागत बसलो होतो! फोन करायचीही सोय नाही हो. एसटीच्या डेपोत बसच्या पाट्या रंगवत जन्म गेला. शेजारी पत्रे ठोकायचं काम, त्यात कान गेले. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर कळतं, फोनवरचं नाही. म्हणून आमचं दोघांचं सगळं पत्रांवर.

तुम्ही मला विसरलात, मी तुम्हाला नाही. मोठेपणी यायचो तो दारातल्या दारात, रुपचंदला भेटून परत, तुमच्या ध्यानात कुठून राहणार? सुट्टीत मी जळगावला मामाकडे यायचो, तेव्हा तुम्ही आम्हा दोघांना नकाशे काढायला बसवायच्या. मी तापी पूर्वेला वाहवली म्हणून पट्टी बसली होती. आठवलं?

अक्का, पोलिसांत जाऊ नका. माझा माणूस कागदाचा आहे.

जुन्या स्टँडवर एकजण गोणपाटावर चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं मांडायचा. भाडं देऊन तिथंच बसून वाचायची. एका छापखान्याचा वीर समुद्रातून निघायचा, दुसऱ्याचा आकाशातून उतरायचा. पण दोघं एका पुस्तकात कधी भेटायचे नाहीत, कारण छापखाने वेगळे. रुपचंद म्हणायचा, "भेटले तर काय होईल रे?" आणि आमची जुंपायची. कोण भारी? पहिला रामराम कोण घालेल? एकाला पाण्याबाहेर दम लागतो आणि दुसऱ्याला जमिनीवर पाय टेकायचा नाही, मग लढायचं कुठं? एकदा दोघांना विहिरीच्या काठावर उभं करून आम्ही दुपारभर भांडलो होतो. तुमच्या आईने शेवटी पाणी ओतलं आमच्यावर.

मग आपापले वीर काढले. त्याची वावटळ. बाई आहे, कमरेला पदर खोचलेला, आणि तिच्या जगात रात्रच होत नाही, बारा महिने मे महिना. माझा बिनसावल्या. त्याच्या जगात वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. त्याला सावली नाही, म्हणून त्याचा हात कशालाही लागत नाही, भिंतीतून आरपार जातो. काही उचलायचं झालं तर ज्याच्या घरी असेल त्याची सावली मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची.

आता ही दोन जगं जोडायची कशी? छापील पुस्तकांत अशा वेळी आभाळ फाटतं. मीही फाडलं. रुपचंदने पान परत पाठवलं. लिहिलं, "पाव्हणा असा छप्पर फोडून येतो का भो? आपल्याकडं लेकीला माहेरी आणायचं तरी मुराळी जातो न्यायला." तेव्हापासून तोच नियम. आखाजीला एकाचा वीर दुसऱ्याच्या घरी पोचवायचा. पावसाच्या आधी त्याच्या घरचं माणूस मुराळी होऊन दारात जाणार, नावाने हाक मारून "चल घरी" म्हणणार. यजमानाने टिळा लावायचा, नारळ आणि शिदोरी द्यायची, आणि मग पानं हवाली करायची. मधल्या दिवसांत दोघांची मिळून एक गोष्ट व्हायची. एका वर्षी एक राक्षस गावातल्या विहिरी चटईसारख्या गुंडाळून गाडीत भरतो. वावटळ धूळ उठवून त्याचे बैल थांबवते आणि बिनसावल्या चाकातून हात घालून आस काढून घेतो. काय रंगवलं होतं तुमच्या भावाने ते!

गेल्या वर्षी माझे गुडघे धरले, यायला झालं नाही. त्यामुळे बिनसावल्या गेल्या वर्षीच्या आखाजीपासून, दुसरं वर्ष, तुमच्याकडेच आहे. आता रुपचंदच नाही तर नियम तरी कुणासाठी पाळायचे? त्याची पानं सापडली तर पार्सल करा. तेवढीच आठवण.

तुमचा
कुंदन


जळगाव
१५ मे २०२३

श्री. कुंदन,

तापी आठवली.

पानं रुपचंदच्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत सापडली. तुमच्या वीराची सोबत रजिस्टर पार्सलने पाठवत आहे. वावटळीची मी ठेवून घेतली आहेत. शाळेत असताना मी अशी पुस्तकं मुलींच्या दप्तरांतून जप्त करत असे. ही मी वाचली. विहीर गुंडाळता येत नाही, पण चित्रात ती गुंडाळलेली पटते, हे कबूल केलं पाहिजे.

टिळा, नारळ वगैरे केलेलं नाही. मी कागदाची ओटी भरणारी बाई नाही.

तुमच्या दोस्ताबद्दल तुम्हाला जाणून घ्यायचं असेल म्हणून लिहिते. शेवटच्या वर्षात त्याने उन्हात जाणं सोडलं. दिवेलागणीनंतर बाहेर पडायचा. दिवसा गेलाच तर भिंतीच्या कडेकडेने, जिथे सगळ्यांचीच सावली भिंतीत मिसळते तिथून. मी रागावत असे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. कुर्ते सैल झाले तेव्हा मी शिंप्याला दोष दिला. मात्र त्याचे कुंचले रोज सकाळी स्वच्छ धुतलेले असत. जन्मात कधी नव्हे ती शिस्त लागली म्हणून मला बरं वाटलं होतं.

भाडेकरू बघायला येऊ लागले आहेत. घराला मागणी आहे. मागची पडवी पत्र्याची असूनही भर दुपारी थंड असते. तिथल्या खुर्चीवर छान सावली असते.

ललिता भंगाळे


धुळे
२२ मे २०२३

अक्का,

पार्सल मिळालं. रागावू नका, एक विचारतो. तुम्ही पानांवर ब्लेड चालवलं का?

चित्रं सगळी जागच्या जागी आहेत. झाडं, गाडी, बैल, राक्षसाच्या मिशा, सगळं. प्रत्येक चौकटीत बिनसावल्या जिथं होता तिथं फक्त कोरा कागद आहे, माणसाच्या आकाराचा. त्याच्या बोलण्याचे फुगे आहेत, त्यांतली अक्षरं आहेत, पण फुग्याचं टोक कोऱ्या जागेकडे आहे. भिंगाने पाहिलं, खरवडल्याची खूण नाही. चिनी शाई आहे, पाण्याने जात नाही. ऊन देऊन पाहिलं, उलट बाजूने पाहिलं. डिंपलला, माझ्या मुलीला, दाखवलं तर ती म्हणे, "बाबा, तुम्ही काढायलाच विसरलात."

मी माझ्या माणसाला विसरेन का?

पार्सल आलं पण तो आलेला नाही, अक्का. त्याची बोळवण झाली नाही. तो तिथंच आहे.

म्हातारा खुळावला म्हणा, पण एकदा एवढं करा. दुपारी चारच्या सुमाराला अंगणात उन्हात उभ्या राहा आणि पायांकडे बघा. काय दिसतं ते कळवा.

कुंदन


जळगाव
२९ मे २०२३

कुंदन,

अरेतुरे करते आहे. मामाकडे येणारा मुलगा म्हणून करते आहे. मोठ्या माणसासारखा वागलास की पुन्हा अहोजाहो करीन.

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं होतं. नंतर तुकडे जुळवले. काय झालं ते क्रमाने लिहिते.

वर्षातून दोनदा आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर कशालाच सावली राहत नाही. त्यातला पहिला दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात पडतो. दरवर्षी मी गल्लीतल्या मुलींना गच्चीवर बोलावून तो दाखवते. यंदाही बोलावल्या. बादली, उभी काठी, मुली, सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेल्या. टाळ्या झाल्या. मग सावल्या परत निघाल्या. बादलीची निघाली. काठीची निघाली. मुलींच्या निघाल्या. माझी निघाली नाही. मुलींच्या लक्षात आलं नाही, त्या आपापल्या सावल्या मोजत होत्या.

चष्म्याचा दोष असेल म्हणून मी चार वाजता पुन्हा वर गेले. शेजारच्या सुनंदाबाई त्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्या बाईचा स्वभाव असा की कोणी जवळ आलं की ओरडतात. त्यांच्या सुनेवर ओरडल्या, "सरक ना गं बाजूला! सावली पाडतेस, ओल्या राहतील!" मांजरावर ओरडल्या. मी कठड्याला टेकून उन्हाच्या बाजूला उभी होते, त्यांच्या कुरडयांच्या आणि सूर्याच्या अगदी मध्ये. मला म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहा हो बाई. तुमची काही पडत नाही." आणि पुढची कुरडई घातली. त्या काय बोलून गेल्या हे त्यांना कळलं नाही. मला कळलं.

मग मी पडवीतल्या खुर्चीकडे लक्ष दिलं. पत्र्याची सावली सगळ्या पडवीत सारखी पडते. खुर्चीवर ती जास्त गडद आहे. जवळ झाड नाही, खांब नाही. खुर्ची उचलून अंगणात, सरळ उन्हात ठेवली. सावली खुर्चीबरोबर आली. तिला डोकं आहे आणि खांदे आहेत. मानेवर अंबाडा आहे. मी जसा घालते तसा, जरा डावीकडे.

खुर्चीला हात लावला. गार होती.

माठ सकाळी भरलेला असतो. इतके दिवस मला वाटत होतं की मीच भरते आणि विसरते. तुळशीला पाणी घातलेलं असतं. काल दळण आणायचं राहिलं होतं, तर डबा फाटकाशी आणून ठेवलेला होता. तुझा माणूस वाईट नाही. उपकार करणारा आहे. पण माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या आहेत, आणि आरशात पाहायला मला काही क्षण उभं राहावं लागतं, मग मी दिसते.

मी खुर्चीसमोर उभी राहून स्पष्ट सांगितलं, "धुळ्याची गाडी सहाला आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा." काहीही झालं नाही. न्यायला कोणी आल्याशिवाय तो उठत नाही, असा तुमचाच नियम आहे ना?

तर तू ये. गुडघे दुखत असले तरी ये. पारोळ्यावरून थेट गाड्या आहेत. नारळ मी आणून ठेवला आहे.

आणि एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. उन्हात उभं राहून बघायला तू मला सांगितलंस. म्हणजे काय दिसेल हे तुला माहीत होतं. रुपचंदलाही हेच झालं होतं का?

ललिताअक्का


धुळे
५ जून २०२३

अक्का,

तुमच्या प्रश्नाचं काय उत्तर देऊ? पत्रात काही लिहायचा नाही तो. "पाव्हणा मजेत आहे" एवढंच असायचं.

आमच्याकडं त्याचा कधी कोणाला त्रास झाला नाही. घर मोठं होतं. आई, तीन भाऊ, भावजया, पोरंटोरं, सगळे एका चुलीवर. आई म्हणायची, "घर बठ्ठं भरेल शे, एक पाव्हना काय जड शे का?" आज याची सावली जरा फिकी दिसायची, उद्या त्याची. कोणाच्या ध्यानात यायचं नाही. वाटून जायचं. आता भाऊ वेगळे झाले, आई गेली, बायको गेली. तुमच्याकडं तर सुरुवातीपासून दोघंच. रुपचंद तुमच्यावर येऊ देत नसेल, सगळं स्वतःवर घेत असेल.

मी निघणारच होतो, पण डॉक्टरांनी छातीचं सांगितलंय, प्रवास नको म्हणून. आणि डिंपल बाळंतपणाला आली आहे, पहिलंच आहे, सातवा लागला. अशा वेळी घरात पाव्हणा नको वाटतो. पावसाळा होऊन जाऊ द्या. बाळंतीण सासरी गेली की दिवाळीच्या सुमाराला बघू. तोवर तुम्ही जामनेरला निघून गेलात तर? तो खुर्चीपाशीच राहील कदाचित. भाडेकरूंचं कुटुंब मोठं असलं तर कळणारही नाही त्यांना.

जिवाला जपा.

कुंदन


धुळे
८ जून २०२३

आदरणीय ललिताआत्या,

मी डिंपल, कुंदन बोरसे यांची मुलगी. आपण कधी भेटलो नाही असं तुम्हाला वाटेल. भेटलोय. मी पाच-सहा वर्षांची असताना बाबांबरोबर तुमच्या दारात आले होते. रुपचंदकाकांनी मला रंगाची रिकामी डबी दिली होती.

बाबा तुमची पत्रं लपवतात. मला वाटलं कोणाचं देणं वगैरे आहे, म्हणून मी उशीखालचं एक काढलं. अर्धंच वाचता आलं, ते आले. तुम्ही बाबांना उरलेली चित्रं घ्यायला बोलावताय आणि ते टाळताय एवढं समजलं. काल विचारलं तर म्हणाले, छातीत दुखतं. माझ्यासमोर कोणत्या डॉक्टरांनी असं सांगितलं नाही. आणि गुडघे? अहो, बाबा रोज सकाळी पांझरेच्या काठाने लांब फिरून येतात. मी लहान असल्यापासून त्यांना नेहमी थकलेलं बघितलं, कधी दम, कधी अंगात कणकण. मागच्या उन्हाळ्यापासून एकदम तरुण झालेत. गल्लीतले विचारतात, कोणतं औषध घेता.

तुम्ही एकट्या आहात, घर सोडताय, तुमची अडचण मला कळते. रविवारी, १८ तारखेला, आमच्या यांची गाडी एरंडोलला कामासाठी जाणार आहे, पुढे जळगावला सोडतील मला. दारात उभं राहून हाक कशी मारायची ते मला पाठ आहे. लहानपणी मीच मारली होती, बाबा कौतुकाने हसत होते. घरचं माणूस चालतं ना? मग झालं तर. चहा पिऊन लगेच परत निघेन.

माझा नंबर खाली देत आहे. काळजी करू नका.

डिंपल


जळगाव
१२ जून २०२३

कुंदन,

हे पत्र स्पीडपोस्टाने पाठवते आहे. हातात पडल्याबरोबर उभं राहून वाच.

तुझी मुलगी रविवारी तुझ्या माणसाला न्यायला येते आहे. मी तिला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती हसली. म्हणाली, "आत्या, चार कागद आणायला काय होतंय? मी नाजूक नाही." खरं कारण मी तिला सांगितलं नाही. ते सांगणं तुझं काम आहे.

ती तुझ्या घरची आहे. हाक मारायचे शब्द तिला येतात. मी फाटकाला कुलूप लावीन, पण हाक फाटकाबाहेरूनही ऐकू जाते. तिने एकदा नाव घेतलं की तो उठेल आणि तिच्याबरोबर जाईल, आणि वाटेत त्याला कोणाची तरी सावली लागेल. ती सध्या एकटीची सावली घेऊन चालत नाही. तुला समजतंय मी काय म्हणते ते.

मे महिन्यात तुझे गुडघे होते, जूनमध्ये छाती आली. चाळीस वर्षं मी मुलींच्या रजेच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात तू तरुण झालास, त्याच उन्हाळ्यात माझा भाऊ भिंतीच्या कडेने चालायला लागला. तुझा माणूस आम्हाला मागत नव्हता, न्यायला तुला मागत होता. तू आला असतास तर रुपचंद जगला असता. हे मी रागाने लिहीत नाही. हे असं आहे म्हणून लिहिते.

माझ्याबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. काल दूधवाल्याने मला हाक मारली, मी त्याच्यासमोर उभी असताना. मी "इथे आहे" म्हटल्यावर दचकला. मी पाऊस पडेपर्यंत काढू शकेन, दिवाळीपर्यंत नाही. भाडेकरूंवर घालायचं तुझ्या मनात आलं याची मला लाज वाटली. भाडेकरूंना मी नकार कळवला आहे. जोवर तो इथे आहे तोवर या घरात दुसरं कोणी येणार नाही.

शनिवारी मी दशम्या करीन. रविवारी उजाडल्यापासून दार उघडं असेल. डिंपल दुपारी पोचेल. तू आधी पोचायचं की नाही, हे तुझं तू ठरव.

ललिताअक्का


दिल्या-घेतल्याची नोंद

जळगाव, रविवार, १८ जून २०२३. लिहिणार ललिता भंगाळे. दोन प्रती केल्या, एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची.

श्री. कुंदन तोताराम बोरसे हे धुळ्याहून पहिल्या गाडीने एकटेच आले. डिंपलला घरी ठेवलं आहे असं त्यांनी सांगितलं. तिला काय सांगून ठेवलं ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते. पाणी दिलं, ते त्यांनी दारात उभं राहूनच घेतलं. आत या म्हटलं तर म्हणाले, "अक्का, आधी हाक मारू द्या, नाहीतर माझा धीर जाईल."

त्यांनी नाव घेतलं आणि "चल घरी" म्हटलं. पहिल्यांदा मलाच नीट ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "मोठ्याने. वर्गात बसल्यासारखं पुटपुटू नकोस." दुसऱ्यांदा नीट म्हणाले. पडवीत खुर्ची करकरली, माणूस उठल्यावर करकरते तशी. मी उंबऱ्यापाशी, अंदाजाने, कपाळाच्या उंचीवर टिळा लावला. बोटाला गार लागलं. कुंकू खाली पडलं नाही.

कुंदन यांना दिलं ते असं:

बिनसावल्याची पानं, त्यांनीच परत आणलेली. उंबऱ्यावर बसून दोघांनी एकेक चौकट तपासली. सर्व भरलेल्या आहेत. शेवटच्या पानावर त्याच्या कपाळाला टिळा आहे. तो रुपचंदने काढलेला नाही आणि कुंदन यांनीही नाही. शाई लाल आहे, बाकी सर्व पानं काळ्या शाईत आहेत.

नारळ एक. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, एका फडक्यात बांधून.

रुपचंदचे कुंचले, सर्व. धुतलेले.

वावटळीची पानं दिली नाहीत. ती या घरची आहे.

सावली: ऊन स्वच्छ होतं. देणार आणि घेणार, दोघं अंगणात शेजारी उभे राहिलो. माझी सावली माझ्या पायांपासून निघून फाटकापर्यंत गेली आहे. अंबाडा, पदर, चष्म्याची काडी, सर्व पाहून घेतलं. कुंदन यांच्या पायांशी सावली नाही. त्यांनी ते पाहिलं. पाय हलवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "हलकं वाटतंय, अक्का," आणि हसायचा प्रयत्न केला.

त्यांनी कबूल केलेलं: डिंपल आज संध्याकाळीच पारोळ्याला मावशीकडे जाईल आणि बाळंतपण तिथेच होईल. बिनसावल्या धुळ्याच्या घरी असेपर्यंत त्या घरात कुंदन यांच्याशिवाय कोणी राहणार नाही. हे त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आहे.

मी विचारलं, "एकट्याने किती दिवस निघतील?" म्हणाले, "रुपचंदने काढले तेवढे काढीन."

त्यावर घेणाऱ्याला आणखी एक वस्तू दिली: जामनेरचा माझा पत्ता, जाड कागदावर, मोठ्या अक्षरात. बहिणीकडे माणसं पुष्कळ आहेत, तिथे कोणी विचारायच्या आत मी त्यांना सगळं समजावून सांगेन आणि जे तयार होतील त्यांचीच नावं कळवीन. आखाजीला, तोवर निघालं नाही तर त्याआधीच, पाहुण्याला तिथे आणून सोडायचं. पावसाच्या आधी न्यायला यायचं. गुडघे, छाती काहीही असलं तरी.

देणार: ललिता भंगाळे
घेणार: कुंदन तोताराम बोरसे
आणि त्याखाली, मी पेन ठेवल्यानंतर, कोणी सांगितलेलं नसताना उठलेला एक अंगठा. लाल.